दोन दात झाकतील एवढा ब्रश

बायको गेली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. पोरीला दात आहेत आणि ते रोज घासायचे असतात, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. कसे, कशानं आणि कोणी, हे सगळं तिची आई बघायची. ती बोटाला ओलं फडकं गुंडाळून पोरीच्या तोंडातून फिरवायची, पोरगी ते बोट कचकन चावायची आणि दोघी हसत सुटायच्या. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. ते फडकं कितीतरी दिवस मोरीतल्या दोरीवर तसंच लटकत राहिलं. ते हातात घ्यायला माझी हिंमत होईना.

मी दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रात फिटर होतो. पंप, पंखे, व्हॉल्व्ह यांच्याशी माझं चांगलं जमायचं, माणसांशी बेताचंच. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. खिडकी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत टेबलावर राखेचा पातळ थर बसायचा, धुतलेले कपडे झटकून मगच घड्या घालाव्या लागायच्या. बायको होती तेव्हा ती या राखेला रोज शिव्या घालायची. ती गेल्यावर शिव्या घालणारं कोणी उरलं नाही, राख मात्र पडत राहिली.

दिवस-कार्य झालं त्याच दिवशी सासूबाईंनी विषय काढला. धुळ्याच्या पुढे साक्रीच्या रस्त्यावर त्यांचं गाव. घरात तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं. म्हणाल्या, "जवाईबापू, पोरले मन्हाकडे धाडी द्या. तुम्ही डुटीवर जातस, पोर एकली ऱ्हास."

मी नाही म्हणालो. उद्धटपणेच म्हणालो असेन. पण पोरगी गेली तर त्या घरात मी कोणासाठी कुलूप उघडणार होतो? सासूबाईंनी वाद घातला नाही. दातांना मिसरी लावलेलं बोट धुता धुता त्या म्हणाल्या, "मी वरीसभर देखसू, मंग बोलसू." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. तरी त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. वर्षभरात पोरगी नीट वाढली तर माझी, नाहीतर त्यांची, असा हिशोब मी मनाशी पक्का करून टाकला.

साहेबांच्या मागे लागून मी पाळ्या सोडल्या आणि जनरल ड्युटी मागून घेतली. मी कामावर असेपर्यंत मुलगी शेजारच्या काकूंकडे राहायची. काकूंची स्वतःची मुलं मोठी, भुसावळला कॉलेजात जाणारी. काकू म्हणायच्या, "तुमची पोर म्हणजे काय सांगू, आहे की नाही तेही कळत नाही." मला ते ऐकून बरं वाटायचं. पोरगी समजूतदार आहे, त्रास देत नाही, हे मी बाकीच्यांनाही सांगायचो. वेणी घालायला शिकलो. वरण-भात येतच होता, भाकरी काही जमली नाही, मग पोळीवर भागवलं. राहिले दात.

त्या वेळी आमच्या कॉलनीतल्या दुकानात ब्रश म्हणजे एकच ब्रश. लांब, कडक, मोठ्या माणसाचा. मुलांचं काय, तर मुलांनी बोटानं पावडर लावावी. भुसावळच्या बाजारात विचारलं तर दुकानदारानं तोच ब्रश काढून दिला आणि म्हणाला, "जरा अर्ध्याच भागानं घासा." मी तो घरी आणला, पोरीच्या तोंडाशी धरून बघितला. तो तिच्या ओठांतून आतच जाईना. खराट्यानं वाटी घासायची म्हटलं तर जसं होईल तसं.

आता मी फिटर. भाग मोठा असेल तर तो मापात आणायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. मी कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत नोज प्लायर घेऊन बसलो. ब्रशच्या कडेच्या ओळी एकेक करून उपटल्या. मग पुढचा भाग उपटला. रिकामं झालेलं प्लॅस्टिक कापलं, कानशीनं गोल केलं, पॉलिश पेपर मारला. केस फार लांब वाटले म्हणून ते ब्लेडनं एकसारखे छाटले. दांडाही आखूड केला. शेवटी जे तयार झालं ते दिसायला इतकं सुबक होतं की आमच्या फोरमननं हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि "आमच्या नातवालाही एक करून दे" म्हणाला. मी तो मनगटावर घासून पाहिला. मला काही बोचलं नाही. दिवसभर लोखंडात वावरणाऱ्या माझ्या कातडीला काय बोचणार!

त्या ब्रशनं मी पोरीचे दात घासू लागलो. चांगले रगडून. ती तोंड उघडून उभी राहायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण हूं की चूं करायची नाही. पेस्ट तिखट लागत असेल असं मी समजायचो.

वर्षश्राद्धाला सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या दारात उभ्या राहून त्या आमचा कार्यक्रम बघत होत्या. पोरीनं चूळ टाकली. पाणी गुलाबी होतं. सासूबाईंनी पुढे होऊन नातीची हनुवटी वर केली, ओठ बाजूला करून हिरड्या बघितल्या आणि मग माझ्या हातातला ब्रश घेतला.

"हाई काय शे, बापू? पोरनं तोंड शे का तुमनं मशीन?"

 वर्षभर जे मी डोळ्यांत तेल घालून जपलं होतं ते त्या गुलाबी पाण्याबरोबर मोरीत गेलं असं मला वाटलं. आता म्हणतील, चला, पोरीचे कपडे बांधा. पण त्या तसं म्हणाल्या नाहीत. भलतंच काहीतरी बोलल्या. "रगत येस, तरी पोर बोलस नही. हाई तुमना ध्यानमा उनं नही का?"

मला त्यातलं रगत तेवढं ऐकू आलं. बाकीचं मी सोडून दिलं.

सासूबाईंना एसटीत बसवून दिलं आणि त्याच आठवड्यात मी पोरीला घेऊन जळगावला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, तोंडानं फटकळ. पोरीच्या हिरड्या बघून त्यांनी विचारलं, "कशानं घासता?" मी पिशवीतून ब्रश काढला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, भिंग लावलं आणि मला बघायला लावलं. ब्लेडनं छाटलेला प्रत्येक केस टोकाला तिरपा कापला गेला होता. सुयाच. "मूळ केसांची टोकं गोल केलेली असतात," त्या म्हणाल्या, "तुम्ही ती कापून टाकलीत. हा कोणी बनवला?"

"मी."

"छान बनवलाय. आता याच्यानं घरातले नळ घासा."

पण मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मला माणसं काय सांगतात ते पुष्कळदा कळत नाही, पण मापं सांगितली की कळतं, आणि बाईंनी मापं सांगितली. ब्रशचं डोकं मुलाचे दोन दात झाकेल एवढंच हवं, त्याहून मोठं नको. केस मऊ हवेत, नखानं दाबले तर सहज वाकणारे. दांडा मात्र बारीक नको, जाड हवा, कारण लहान मूल पेन्सिलीसारखं धरत नाही, मुठीत धरतं. केस बाहेरच्या बाजूला पसरले की ब्रश संपला, मग तो कितीही नवा दिसो. दुधाचे दात पडून मागच्या मोठ्या दाढा येतात तेव्हा डोकं थोडं मोठं आणि दांडा थोडा लांब. आणि एक शेवटचं: मुलाला स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येत नाही तोवर ब्रश तुमच्या हातात राहू द्या. मूल हट्ट करेल, त्याला करू द्या, नंतर तुम्ही करा.

स्टेशनजवळच्या एका मेडिकल दुकानात असा ब्रश मिळाला. हिरवा जाड दांडा, टोकाला पोपट. पोरीनं तो पोपट दिवसभर हातातून सोडला नाही.

तिथून पुढची काही वर्षं मी माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं म्हणेन. रोज सकाळी मी मोरीच्या दाराशी पाटावर बसायचो, पोरीचं डोकं डाव्या दंडावर घ्यायचो आणि गोल गोल, हलक्या हातानं एकेक दात घासायचो. समोरचे, मग दाढा, मग आतली बाजू. ती छताकडे बघायची. मी तिच्या तोंडात. दिवसभरात आम्ही एकमेकांच्या सगळ्यांत जवळ असायचो ते त्या वेळी, आणि नेमकं तेव्हाच बोलता यायचं नाही. बाकीच्या वेळी बोलता आलं असतं, पण सवय नव्हती. मी कामावरून यायचो, ती काकूंकडून यायची. "काय केलं आज?" "काही नाही." "जेवलीस?" "हो." मग रेडिओ.

ती शाळेत जाऊ लागली. पुढचे दात हलू लागले, पडले. पहिला पडला तेव्हा मी जळगावला जाऊन पुढच्या मापाचा ब्रश आणला, तर बाई म्हणाल्या होत्या तो दाढांचा टप्पा अजून यायचा होता. मग तो कपाटात ठेवला आणि वाट बघत बसलो. मागच्या दाढेचं पांढरं टोक हिरडीतून वर आलेलं मला दिसलं त्या दिवशी मी कामावर चार जणांना सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "तुझं प्रमोशन झालं का रे?" सासूबाई वर्षातून एकदा यायच्या, नातीचं तोंड उघडून बघायच्या आणि मान डोलवायच्या. एकही दात किडलेला नव्हता. मी जिंकलो असं मला वाटत होतं.

मग एक दिवस तिनं शाळेला जाताना बुटाची नाडी बांधली. दोन फास काढून, नीट घट्ट. संध्याकाळी मी ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "आता तू." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मोरीचं दार आतून लागायचं, पाण्याचा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं ती तोंड पुसत बाहेर यायची. मी पाटावर बसायचं बंद केलं. तिथं बसून करणार काय?

ती तिसरीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या उन्हाळ्यात आमचा वीज बनवणारा संच मोठ्या दुरुस्तीला बंद ठेवला. अशा वेळी फिटरला घर नसतं. सकाळी गेलेला माणूस कधी परत येईल याचा भरवसा नाही, आणि काकू नेमक्या मुलाच्या लग्नाच्या गडबडीत. मी हात टेकले. तोवर सासुरवाडीला मी पोरीला कधी दोन-तीन दिवसांच्या वर ठेवली नव्हती, तेही स्वतः बरोबर राहून. या वेळी सगळी सुट्टी ठेवावी लागली. पिशवीत नवा ब्रश, त्याच्या डोक्यावर टोपण, पेस्ट, टॉवेल. एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा मी तिला परत एकदा सगळं सांगितलं, गोल गोल, आतली बाजू विसरू नको. ती म्हणाली, "माहीत आहे, भाऊ." आमच्याकडे बापाला भाऊ म्हणायची रीत आहे. कॉलनीतली बाकीची पोरं पप्पा म्हणायची.

शाळा सुरू व्हायच्या आधी आणायला गेलो तेव्हा मी तिला ओळखायला क्षणभर चुकलो. काळी झाली होती, गुडघे फुटलेले, आवाज चढलेला. माझी पोरगी अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारत होती! घरी येऊन पिशवी उपसली, तर ब्रश टोपणासकट कोरडा ठणठणीत. पेस्टची ट्यूब फुगलेली.

"दात घासले नाहीस?"

"घासले की. रोज."

"कशानं?"

"राखुंडीनं. बोटानं." आणि मग ती जे बोलू लागली ते थांबेचना. सकाळी सगळी पोरं ओट्यावर ओळीनं बसतात. आजी प्रत्येकाच्या तळहातावर राखुंडी देते. चुलीची राख, मीठ, अजून कायकाय. मग सगळे घासतात आणि एकमेकांना काळे दात दाखवतात. ज्याची चूळ उकिरड्यापर्यंत जाईल तो पहिला. मोठा मामेभाऊ नेहमी पहिला येतो, पण एकदा ती आली होती. एकाचा दात ओट्यावरच पडला, मग सगळ्यांनी मिळून तो कौलांवर फेकला. बोलता बोलता ती हसली. तिचे सगळे दात मला एकदम दिसले, आणि ते इतके पूर्ण मी डॉक्टर बाईंच्या दिव्याखालीही बघितले नव्हते.

मी रागावलो. राखेनं दातांवर ओरखडे पडतात वगैरे सांगितलं. ते खरंही आहे. राखच लावायची तर आपल्याकडे काय कमी आहे, डोंगर उभे आहेत, असंही काहीतरी बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश घेऊन मोरीत गेली. दार लागलं. पाण्याचा आवाज आला.

पावसाळा अर्धा सरला असेल. एका रविवारी ती तोंड पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"भाऊ, मी आजीकडे राहायला जाऊ?"

"का? इथं काय कमी आहे?"

तिनं खरोखर विचार केला. खोलीभर नजर फिरवली. "काही नाही," ती म्हणाली, "काहीच कमी नाही. पण तिथं सगळे असतात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मी उत्तर दिलं असतं. ब्रश, दूध, शाळा, गणवेश, सगळं काढून दाखवलं असतं. सासूबाईंनी त्या दिवशी मोरीच्या दारात जे म्हटलं होतं आणि मी सोडून दिलं होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं. ही पोर बोलत नाही. काकू म्हणायच्या, आहे की नाही ते कळत नाही. मी त्याला समजूतदारपणा म्हणत आलो. ती एकटी होती. मी तिच्या दातांजवळ बसून होतो आणि ती एकटी होती.

मी एकटा आहे हे मला रोज ठाऊक असायचं. तीही आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं नाव गावातल्या शाळेत घातलं. तिला सोडून परत आलो, कुलूप उघडलं आणि खूप वेळ दिवा न लावता बसून राहिलो. मोरीत ग्लासात माझा एकट्याचा ब्रश. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, अडवायला कोण होतं? पुढच्या महिन्यात साहेबांना सांगून मी पुन्हा पाळ्या घेतल्या. रात्रपाळीला निदान चार माणसं सोबत जागी असतात.

महिन्यातून एकदा सुट्टी जोडून मी गावी जायचो. पहिल्या खेपेला जळगावला उतरून तिच्यासाठी ब्रश घेतला. सवयीनं घेतला. चौथीतली मुलगी, दाढा आलेल्या, डोकं मधलं, केस मऊ. तो सासूबाईंच्या हाती दिला, तर त्यांनी तो तसाच कोनाड्यात वर ठेवून दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "या घरमा एक पोरले एक वस्तू कधी येस नही. आना तं बठ्ठासले आना, नहीतं कोनलेच नका आनू."

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. मला आधी वाटलं, मला टोचून बोलतायत. पण त्या घरात चालायचंच तसं. जत्रेतली शिट्टी आली तरी आठ यायच्या. ज्याला एकट्यालाच मिळालं त्यानं ते लपवून वापरायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, हे सासूबाईंना चालायचं नाही. त्यात माझी मुलगी आता पाहुणी नव्हती, त्या आठांतली एक होती. तिला वेगळा ब्रश देऊन मी तिला पुन्हा मोरीत कोंडायला निघालो होतो.

मग काय, सकाळी ओट्यावर मी आठही पोरांना ओळीनं बसवलं आणि एकेकाचं तोंड उघडून बघितलं. आत्याच्या नवऱ्याला तिकडं फुवा म्हणतात. "फुवा, मन्हं तोंड बी देखा!" म्हणून धाकटी दोघं तर दोनदा रांगेत आली. माझ्या आयुष्यात इतकी माणसं इतक्या आनंदानं माझ्यासमोर कधी आली नव्हती. सगळ्यांत धाकटा तीन वर्षांचा, त्याला पोपटाच्या जातीचा जाड दांडा. त्याच्या वरच्याचे पुढचे दात पडलेले, त्याला अगदी मऊ. दोघांच्या मागच्या दाढा नुकत्याच फुटत होत्या. मोठा मामेभाऊ बारावं वर्ष संपवत आलेला, त्याला आता मोठ्या माणसाचा चालणार होता, पण मऊच, कारण त्याला चेव चढायचा. एकीच्या दोन दातांवर एक तिसरा चढून आला होता, तिला सगळ्यांत लहान डोकं, म्हणजे ते कोपऱ्यात पोचेल. माझ्या मुलीचं तोंड शेवटी बघितलं. ती माझ्या दंडावर डोकं टेकून बसली नाही, आता मोठी झाली होती. नुसती तोंड उघडून समोर उभी राहिली, आणि तोंड उघडं असतानाही काहीतरी बोलत होती.

पुढच्या खेपेला आठ ब्रश घेऊन गेलो. एकसारखे रंग मिळाले नाहीत, त्यावरून जरा मारामारी झाली. मग मी दांड्यांवर तापल्या तारेनं खुणा करून दिल्या. कोणाचा तारा, कोणाचा बैल. सासूबाई बाजूला मिसरी लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माले नही आना का?" आणि स्वतःच हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी ओट्यावर बसली. मीही माझा ब्रश घेऊन शेवटी बसलो. आठ पोरं आणि एक बाप्या. कोणाच्या तोंडापासून कोपरापर्यंत फेस, कोणी गोल फिरवतोय, कोणी आडवा रगडतोय. थुंकण्याची शर्यत ब्रश आले म्हणून काही बंद झाली नव्हती. समोरून बैलगाडी गेली तर गाडीवान थांबून बघायला लागला. माझी मुलगी माझ्या शेजारी होती. तिचं चाललं होतं गोल गोल, आतली बाजू सुद्धा, मी शिकवलं तस्सं. मध्येच तिनं ब्रश तोंडातून काढला. आता ती माझ्याशीही अहिराणीच बोलायची.

"भाऊ, तठे तुमनासंगे कोन बठस दात घासाले?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

"कोनीच नही?"

"नाही."

तिनं तो फेस बाजूला थुंकला. शर्यतीसाठी नाही, नुसता. मग माझ्या शर्टाची बाही धरली. "मंग सकायबी आठेच ऱ्हा ना."

सकाय म्हणजे उद्या, आठे म्हणजे इथं. उद्या मला पहिली पाळी होती आणि बदली माणूस नव्हता. मी तिला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली नाही. बाही धरूनच राहिली, आणि परत म्हणाली, "ऱ्हा ना, भाऊ." चूळ भरायला मला तिची बोटं सोडवावी लागली.

दहाच्या एसटीनं निघालो. एरंडोलपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, शेजारच्या माणसानं दोनदा वेळ विचारली तरी वळलो नाही. इतक्या वर्षांत त्या मुलीनं माझ्याकडे एकदाच काही मागितलं होतं, आणि ते माझ्यापासून दूर जायला मागितलं होतं. मागायला ती तिथं शिकली, त्या ओट्यावर. आता ती मला मागत होती, आणि मी कामावर चाललो होतो.